पाळणाघरातला पहिला नंबर

तारीख ३, सोमवार

सौ. संचालिका बाईसाहेबांस,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. ताईंच्या घरचा पत्ता मला पाठ आहे, आणि आलेलं पाकीट न फोडता टाकून देणं तुला जमत नाही, हेही मला पाठ आहे.

काल तू रागावून गेलीस हे मी कामाच्या मावशींना सांगितलेलं नाही. बहिणीला बरं नाही म्हणून गेली, असं सांगितलं. मावशी दूध गाळता गाळता म्हणाल्या, "हो का? बहिणीला बरं नाही म्हणून आपल्या घरचं दार आपटायचं असतं होय?" या बाईला तू डोक्यावर चढवून ठेवलं आहेस.

"या घरात एक तर हा फळा राहील नाही तर मी," असं तू म्हणालीस आणि मी गप्प राहिलो, त्याचा तू भलताच अर्थ काढलास. मी विचार करत होतो. माणसाला विचार करायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात तुझी टॅक्सी आली, त्याला मी काय करणार?

आणि त्या फळ्यात एवढं वाईट काय आहे? 'आजचा पहिला' एवढे दोन शब्द आणि खाली एका पोराचं नाव. जन्मभर मी कारखान्यात बोल्ट तपासले. हा पास, हा नापास, हा परत भट्टीत. त्या बोल्टांवर पूल उभे आहेत. बोल्ट रडत नाहीत आणि पोरं रडतात, असं तू म्हणालीस. मान्य. पण रडून झाल्यावर ती दूध पितात की नाही? आज दुधाची शर्यत लावली. ज्या दुधापायी तू सकाळभर "एक घोट चिऊचा, एक घोट माऊचा" करत बसायचीस, ते डोळ्याची पापणी लवायच्या आत संपलं. आपला तो कर्णकर्कश भोंगा पहिला आला. फळ्यावर त्याचं नाव लिहिलं, आणि तो इतक्या जोरात ओरडला की समोरच्या वकिलांनी खिडकी लावून घेतली.

तेव्हा इकडची काळजी नसावी. सगळं झकास चाललं आहे.

तुझा (अजून तरी) नवरा

ता. क. फरशी पुसायचं मोठं फडकं कुठे ठेवलं आहेस? घाई नाही. पण दूध जेवढ्या वेगाने आत गेलं, त्याच वेगाने काही जणांचं बाहेर आलं आहे.


तारीख ५, बुधवार

बाईसाहेब,

फडकं सापडलं. उत्तर आलं नाही.

आज दुपारच्या झोपेबद्दल लिहितो, म्हणजे तू मावशींना फोन करून विचारशील तेव्हा तुला आधी माझ्याकडून कळलेलं असेल.

दुपारी पोरांना झोपवायला तुला अंगाई लागते, पाठीवर थोपटणं लागतं, पडदे लागतात. मला वाटलं, जे दुधाला जमलं ते झोपेला का जमू नये? गाद्या घातल्या, सगळ्यांना आडवं केलं आणि जाहीर केलं, "जो सगळ्यांत आधी झोपेल तो आजचा पहिला!"

अगं, काय शांतता! सगळ्यांचे डोळे गच्च मिटलेले. मला वाटलं, ही कल्पना कारखान्यात सुचायला हवी होती. एवढ्यात भोंगा डोळे मिटूनच ओरडला, "आबा, मी झोपलो! मी पहिला!" त्यावर पलीकडचा म्हणाला, "खोटं! मी याच्या आधीच झोपलोय!" मग प्रत्येक जण उठून दुसरा खरंच झोपलाय का ते तपासायला लागला. पापण्या वर करून करून. एक पोरगी खरोखरच झोपली होती, तर तिला सगळ्यांनी हलवून उठवलं आणि विचारलं, "तू झोपलीस का?" ती म्हणाली, "नाही." झालं, ती बाद.

संध्याकाळपर्यंत एकही पोर झोपलं नाही. मी मात्र पाच वाजता खुर्चीत बसल्या बसल्या झोपलो. मावशींनी माझं नाव फळ्यावर लिहिलं. त्यांना लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं.

ही योजना मागे घेतली आहे. पण तत्त्व चुकीचं नव्हतं, खेळ चुकला.

तुझा नवरा


तारीख ८, शनिवार

बाईसाहेब,

तुझं कार्ड पोचलं. चार ओळी लिहिल्यास, त्यातल्या दोन मला झोडपणाऱ्या, पण चालेल. अक्षर तुझंच आहे.

तू लिहितेस, "तुमच्या शर्यतीत एक हसतो आणि बाकीची सगळी रडतात." बरं. आता माझं ऐक. जगात खुर्च्या कमी आणि माणसं जास्त. उद्या ही पोरं मोठी होतील, बसमध्ये चढतील, तेव्हा एकाच सीटवर सगळ्यांनी मिळून बसायचं का? तू म्हणशील, आलटून पालटून बसायचं. तू ज्या बसने जातेस तिथे कुणी आलटून पालटून बसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. माझा कोपर लागला म्हणून आजवर तुला जागा मिळालेली आहे, हे विसरू नकोस.

आणि सगळ्यांनी मिळून मिसळून करायचं म्हणजे काय, तेही मी पाहिलं आहे. तुझ्या पद्धतीने सगळी पोरं मिळून पसारा आवरतात. म्हणजे तिघं आवरतात आणि बाकीची "आम्ही आवरतोय" असं गाणं म्हणतात.

गोगलगायीची चौकशी केली आहेस. ड्रायव्हरसाहेबांची ती लेक चपला घालायला बसली की तेवढ्यात बाकीची पोरं घरी जाऊन जेवूनही घेतात, असं तूच म्हणायचीस. तू तिला कधी घाई केली नाहीस. मी मात्र तिच्याकडे खास लक्ष देतो आहे. बूट घालायच्या शर्यतीत ती रोज शेवटची. परवा तिला मांडीवर घेऊन सांगितलं, "बाळा, तुला पळता येत नसेल तर डोकं चालव. पहिलं यायचे पुष्कळ मार्ग असतात." तिने तोंडात बोट घालून बराच वेळ ऐकलं. समजलं असावं.

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. ताईंचा खालचा मजला रिकामा आहे आणि त्या म्हणतात, तिथेच पाळणाघर काढू, दोघी बहिणी मिळून. छान आहे. हवेशीर असेल. तू काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस. मी विचारतही नाही.

तुझा नवरा

ता. क. काय उत्तर दिलंस?


तारीख ११, मंगळवार

अगं,

गोगलगाय पहिली आली.

आता पुढचं सावकाश वाच. घरी जायच्या वेळी सगळी पोरं बूट घालून भिंतीशी रांगेत बसली होती. मी शिट्टी वाजवली की उठून दारापर्यंत पळायचं, असा नियम. शिट्टी वाजली. गोगलगाय उठली आणि शांतपणे चालत दारापर्यंत गेली. बाकीची सगळी उठली आणि एकदम धाडकन आडवी झाली. गोगलगायबाईंनी रांगेपुढे बसून, स्वतःची नाडी बांधायचं सोंग करत, एकाची नाडी दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी अख्खी माळ ओवून ठेवली होती. गाठी अशा पक्क्या, की मावशींना शेवटी कात्री घ्यावी लागली. ज्या मुलीला स्वतःच्या नाड्या बांधता येत नाहीत असं आपण समजत होतो, तिचं हे काम. डोकं चालव म्हणालो होतो खरा.

भोंग्याचा दात पडला. घाबरू नकोस, पुढचा होता आणि आठवडाभर हलतच होता. रक्त बघून मी गार पडलो, पण भोंगा तो दात हातात धरून नाचायला लागला, "माझा पहिला पडला! सगळ्यांत आधी माझा पडला!" त्याबरोबर बाकीची पोरं आपापले दात ओढायला लागली. ती थांबवताना माझ्या नाकी नऊ आले.

मग मी दरडावून विचारलं, "हे कुणी केलं?" मला ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून यायला हवं होतं. कुणी बोलेना. रडणारं रडायचं थांबलं. ज्यांची ढोपरं फुटली होती तीसुद्धा मूग गिळून बसली. शेवटी भोंगा, त्या नव्या फटीतून फूफू करत म्हणाला, "आबा, नाड्या आपोआप अडकल्या." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी! गोगलगायीनेसुद्धा.

म्हणजे बघ, माझा विषय आणि तुझा विषय, दोन्ही एकाच दुपारी पोरांना आले. पहिलं येण्यासाठी पाडलं ते माझ्या शिकवणीने, आणि एकजुटीने खोटं बोलली ती तुझ्या.

मला हसू येत होतं. सांगायला घरात कुणी नव्हतं. मावशी बोलत नाहीत माझ्याशी.

तुझा नवरा


तारीख १४, शुक्रवार

अगं,

काल पालक आले होते. सगळे एकदम. छोट्या खुर्च्यांवर बसले होते, गुडघे छातीशी घेऊन, त्यामुळे सुरुवातीला कुणाला नीट रागावता येईना.

भोंग्याची आई दाताची डॉक्टर, तेव्हा मी तिलाच जास्त घाबरून होतो. पण तिचं दुःख निराळंच. "जगाचे दात मी काढते, आणि माझ्या लेकाचा पहिला दात मी नसताना पडावा!" ती चक्क रडली. मग वादाला तोंड फुटलं. समोरचे वकील, ज्यांना मूल नाही आणि कुणी बोलावलेलंही नव्हतं, ते म्हणाले, "जग म्हणजे स्पर्धा. लहानपणीच शिकवलं पाहिजे." दुसरं कुणी म्हणालं, मुलांना मिळून राहायला शिकवा, बाकी जग शिकवतंच. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मिळून राहा म्हणणारेच जास्त भांडले, एवढं तुझ्या माहितीसाठी.

ड्रायव्हरसाहेब शेवटपर्यंत गप्प होते. मला वाटलं, पोरगी पहिली आली म्हणून हा माणूस मनातून खूश असेल. मग ते उठले. म्हणाले, "आबा, माझं एवढंच म्हणणं आहे. ती दोन रात्री बूट घालून झोपतेय. काढू देत नाही. म्हणते, मी झोपले की कुणीतरी माझ्या नाड्या बांधेल."

अगं, पास-नापास ठीक आहे, पण एकही बोल्ट आजवर माझ्यामुळे रात्रीचा जागा राहिलेला नाही.

नंतर सगळ्यांनी एकच विचारलं, बाई कधी येणार? यावर मात्र स्पर्धावाले आणि सहकारवाले यांचं एकमत झालं. महिनाअखेरपर्यंत बाई आल्या नाहीत तर ते पोरं दुसरीकडे घालणार. म्हणजे पाळणाघर बंद.

मी म्हणालो, विचारून सांगतो. पण मी तुला 'परत ये' असं काही म्हणत नाही. तुझा खालचा मजला हवेशीर आहे. तिथे फळाही नाही आणि मीही नाही. तुझं तू ठरव.

नवरा


तारीख १८, मंगळवार

अगं ए,

अक्षर वाकडं आलं आहे कारण मी उताणा पडून लिहितो आहे. कंबर धरली. मावशींनी तुला फोन केला असं कळलं, म्हणजे अर्धं तुला माहीत आहे. उरलेलं माझ्याकडून.

काल दुपारी गाद्या घालत होतो. वाकलो तो वाकलो. हळूहळू जमिनीवर उतरलो आणि आडवा झालो. मावशी औषधाच्या दुकानात गेल्या होत्या. पोरं भोवती जमली. त्यांना वाटलं खेळ आहे. भोंगा म्हणाला, "आबा आज पहिले झोपले!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसायला गेलो तर कळ अशी आली की डोळ्यांतून पाणी आलं. गोगलगायीने अगदी जवळ तोंड आणून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आबा खेळत नाहीयेत."

पुढचं मला छताकडे बघत जेवढं दिसलं तेवढं सांगतो. माझ्या डोक्याखाली उशी कोण ठेवणार यावरून मारामारी झाली, म्हणून सगळ्यांनी आपापली ठेवली. कंबरेबरोबर मानही गेली. भोंगा खिडकीत चढला आणि असा बोंबलला की वकील एका पायात चप्पल घालून धावत आले, आणि त्यांनीच डॉक्टरांना आणलं. कुणीतरी माझे पाय चेपत होतं. कुणीतरी "एक घोट चिऊचा" म्हणत मला बिस्किट भरवत होतं, आडव्या माणसाला, ठसका लागेपर्यंत. गोगलगाय पाणी आणायला गेली. अगं, ती पाणी घेऊन पोचली तेव्हा डॉक्टर येऊन, इंजेक्शन देऊन, हात धुऊन निघाले होते. पण पेला काठोकाठ भरलेला होता आणि एक थेंब सांडलेला नव्हता. मी पडल्या पडल्या सगळं पाणी प्यायलो.

हे सगळं स्पर्धेतून झालं की सहकारातून, मला विचारू नकोस. मला दुखत होतं आणि पोरं आली.

डॉक्टरांनी टणक फळीवर झोपायला सांगितलं. घरात फळी नाही. मावशींनी इकडे तिकडे पाहिलं, भिंतीवरचा फळा काढला आणि माझ्या गादीखाली घातला, पुसलाही नाही. गादी पातळ आहे, सरकते. आज सकाळी मावशी म्हणाल्या, तुमच्या सदऱ्यावर मागे काहीतरी उलटं लिहिलंय.

हसलीस ना? मला इथून ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं. तू गेल्यापासून काहीही झालं की मी मनातल्या मनात ते तुला सांगायला घेतो आणि मग आठवतं, तू नाहीस. मला करमत नाही. झालं, लिहून टाकलं.

तुझा आडवा नवरा


तारीख २१, शुक्रवार, संध्याकाळ

अगं,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तू भिंतीच्या पलीकडे आहेस. कढईत डाव आपटल्याचा आवाज येतो आहे आणि त्या आवाजात तुझा राग अजून आहे.

काल तू आलीस, सूटकेस खाटेखाली सरकवलीस, माझ्या कंबरेला तेल चोळलंस, आणि एक शब्द बोलली नाहीस. माझ्या समाचाराला आलीस, माझ्याकडे आलेली नाहीस, हे मला कळलं. सूटकेस अजून उघडलेली नाही. मावशींना तू सांगितलंस ते मी ऐकलं: रविवारपर्यंत ताईंना हो की नाही कळवायचं आहे.

आज दिवसभर तू पोरांकरवी बोललीस. "आबांना सांगा, गोळी घ्या." "आबांना सांगा, कुशीवर वळा." त्यातही निरोप द्यायला गोगलगायीला निवडलंस. सकाळच्या गोळीचा निरोप मला दुपारी मिळाला. पण तिच्या पायात बूट नव्हते. ते दाराशी इतरांच्या बुटांत पडले होते. तिची ती रात्रीची नाड्यांची भीती कशी घालवलीस? एका दिवसात? मला शिकायचं आहे. खरंच सांगतो.

दुपारी पोरं माझ्या खोलीत कुजबुजत होती. "आबा आधी बोलणार की आजी?" निम्मी तुझ्या बाजूने, निम्मी माझ्या. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत होतो. भोंगा म्हणाला, "जो आधी बोलेल तो हरला." तेव्हा मला एकदम हसूच आलं. अगं, मुलांना हार-जीत शिकवू नका म्हणून तू घर सोडून गेलीस, आणि अबोल्यात तू आजवर एकदाही हरलेली नाहीस! मीही नाही. दर वेळी कोणीतरी पाहुणा आला, कुणीतरी आजारी पडलं, म्हणून आपण बोललो. निकाल कधी लागलाच नाही. इतकी वर्षं आपण दोघं दाराशी येऊन उभे आहोत, दुसरा आधी आत जाईल म्हणून.

या वेळी पाहुणा येणार नाही. आणि रविवार परवावर आला आहे.

तुझ्याकडची पोरं पहिली येवोत की सगळी मिळून येवोत, मला आता काही म्हणायचं नाही. तू मला बाजूला बसव, मी नाड्या बांधीन, दूध गाळीन, आणि अधूनमधून तुझ्याशी भांडेन. पण इथेच. या घरात. ताईंना नाही म्हण. जाऊ नकोस.

हे सगळं लिहिलं, पण ही चिठ्ठी मी तुला देणार नाही. गोगलगायीच्या हाती दिली तर सोमवारी पोचेल, आणि कागदामागे लपायचा मला कंटाळा आला आहे. पेन ठेवतो, भिंतीला धरून उठतो आणि स्वयंपाकघरात येतो. तू पाठमोरी असशील. वळणार नाहीस. मी आधी बोलणार आहे. चहा टाकू का, एवढंच विचारेन.

हो म्हण.